पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) चाललं की मनगटी बँडचा फिटनेस स्कोअर घसरतो, कॅलरी मात्र भरमसाट. बँड बदलू का?

भाट्येकर:
वय ५२, वजन ७५ किलो. रोज सकाळी ४५ मिनिटं चालणं. कधी भाट्याच्या पुळणीवर, कधी डांबरी रस्त्यानं जाऊन पाखाडीनं (पायऱ्यांच्या चढणीच्या वाटेनं) वर. बँड साधा, जीपीएस फोनचं. पुळणीवर दम जास्त लागतो, पण स्कोअर नेमका त्याच दिवशी खाली. पाखाडी चढताना धाप लागलेली असते तरी ठोके १००-१०५ वर अडकलेले. डांबरी रस्त्यावरच्या ४५ मिनिटांचे ४०० कॅलरी दाखवतो, पण वजनकाटा ढिम्म हलत नाही. बीपीची गोळी चालू आहे, तिचा काही संबंध असेल का?

ओहोटी:
बदलू नका, नवा बँडही हेच करील.

स्कोअरचं आधी. तुमच्या वेगाला किती ठोके पडले यावरून बँड तो काढतो. पायाखाली डांबर आहे की वाळू, हे त्याला कळत नाही. मऊ कोरड्या वाळूत त्याच वेगानं चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, म्हणजे वेग कमी आणि ठोके जास्त. बँडला वाटतं माणूस ढासळला. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात डांबरावरही असंच होतं, कारण घाम वाळत नाही आणि अंग गार ठेवायला हृदयाला जास्त काम पडतं. उपाय : पुळणीच्या दिवशी 'चालणे' न लावता 'इतर व्यायाम' लावा. बऱ्याच बँडांत त्याची नोंद स्कोअरमध्ये धरत नाहीत. स्कोअरची तुलना फक्त एकाच रस्त्याच्या, एकाच वेळेच्या चालण्याशी करा. पुळणीवरच चालायचं असेल तर ओहोटीला पाण्यालगतची घट्ट ओली वाळू बरी. पुळण उतरती असते, एकाच बाजूनं चालत राहिलं तर एका गुडघ्यावर ताण येतो. परतताना त्याच पट्ट्यातून या.

माडाखाली:
पाखाडीच्या ठोक्यांमागे दोन कारणं असू शकतात, आणि ती वेगळी काढता येतात.

एक, बँड फसतोय. बँडच्या मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतो. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्यांचा ताल त्यात मिसळतो आणि बँड ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतो. पाखाडीवर मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं पडतातच, म्हणून आकडा खरा वाटतो.

दोन, गोळी. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या ठोके वर चढूच देत नाहीत. टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिनचं सहसा तसं नसतं.

चाचणी सोपी. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, बँड सरकणार नाही इतपत घट्ट. वर पोचल्या पोचल्या थांबून अंगठ्याखालची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. जास्त वेळ मोजू नका, तेवढ्यात ठोके उतरायला लागतात. हातानं १३० आले आणि बँडवर १०५, तर बँडचा दोष. दोन्हीकडे १०५, तर गोळीचा परिणाम. तसं असेल तर '२२० वजा वय' हे कमाल ठोके धरून अ‍ॅप व्यायामाच्या जोराचे जे झोन रंगवतं, ते तुमच्या कामाचे नाहीत. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग ठेवा. आकड्यासाठी गोळी स्वतःहून कमी करू नका, हे सांगायला नको. चढताना छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर आधी डॉक्टर, बँड नंतर.

खोबरं_किती:
४०० मलाही पटत नाहीत. ताशी ५ किमीच्या चालीला साधारण ३.५ मेट धरतात (१ मेट म्हणजे नुसतं बसून असताना किलोमागे तासाला लागणारी साधारण १ कॅलरी). ३.५ × ७५ किलो × पाऊण तास, म्हणजे १९७. त्यातले ५६ तर नुसते बसून राहिलात तरी खर्च झाले असते. चालण्याची खरी कमाई १४० च्या आसपास, आणि ४० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात तेवढे कॅलरी असतात. आमटीत आणि उसळीत ते कधी गेलं ते कळतही नाही. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी यंत्रं तपासली. कॅलरीच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं. अ‍ॅपमध्ये वजन-उंची बरोबर भरलीय का तेवढं बघा आणि कॅलरीचा चौकोन पडद्यावरून काढून टाका. 'आज ४०० जाळले' म्हणून एक घावन जास्त खाल्लं, की काटा हलणार कसा?

पावलांवरही फार विसंबू नका. पावसात छत्री धरलेल्या हातात बँड असेल तर कमी मोजतो. उलट विळीवर खोबरं खवताना किंवा खड्ड्यांतून स्कूटर नेताना फुकटची पावलं चढू शकतात. आठवड्याला १५० मिनिटं झाली का, एवढंच पाहा.

भाट्येकर:
गोळी मेटोप्रोलॉलच आहे, नाडी मोजून बघतो. आणखी एक : मागच्या पिना हिरवट झाल्यात, चार्जिंग मध्येच तुटतं.

ओहोटी:
खारं पाणी आणि घाम. पिना ओल्या असताना चार्जर लावला की त्या ओलाव्यातून वीज जाते आणि धातू खाल्ला जातो. जुन्या मऊ टूथब्रशनं गोड्या पाण्यात घासा, पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस फिरवा. चार्जरच्या बाजूच्या पिनाही साफ करा, त्या हमखास राहतात. अर्धा तास पंख्याखाली ठेवून मगच चार्जिंग. सुरी किंवा पॉलिशपेपर लावू नका, वरचा मुलामा गेला की पिना आणखी लवकर गंजतात. पुळणीवरून आल्यावर बँड रोज नळाखाली धरा, साबण नको. आणि कापडी पट्टा घेऊ नका, जुलैत तो वाळतच नाही.