मोडलेली कवळी: फेविक्विक लावू नका

वडिलांची वरची कवळी मधोमध मोडलीय, फेविक्विकनं चिकटवू का, असं वर विचारलंय आणि दोघांनी 'बिनधास्त लावा' म्हणून सांगितलंय. कृपा करून लावू नका.

कवळी ॲक्रिलिकची असते. मोडलेल्या कडा स्वच्छ असल्या तर तुकडे एकमेकांत अगदी नेमके बसतात, आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबवाल्याचं सगळं काम त्यावरच चालतं. तो तुकडे मेणानं जुळवतो, आत प्लास्टर ओतून साचा घेतो, मग मोडलेली कड दोन्हीकडून घासून फट रुंद करतो आणि त्यात नवीन ॲक्रिलिक भरतो. ग्लूचा थर बसला की कडा जुळतच नाहीत. केसाएवढा फरक पडला तरी चावताना एकाच बाजूला दाब येतो, हिरडी सोलवटते.

आमच्या आत्तीची कवळी अशीच मधोमध दोनदा गेली. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, कवळी टाळूवर डुलत होती. वर्षांनुवर्षं हाड झिजतं, कवळी सैल होते आणि मधेच तडकते. मग नुसतं जोडून भागत नाही, आतून रिलायनिंग, म्हणजे हिरडीकडच्या बाजूला नवा थर, करावं लागतं. हे घरी कसं कळणार?

साधी चीर बऱ्याचदा त्याच दिवशी जोडून मिळते. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या नवे पारगावच्या डेंटल कॉलेजात विचारा. सगळे तुकडे, बारीकसुद्धा, पाण्यात ठेवून न्या. खालची कवळी असेल तर तीही न्या. तोवर वडिलांना तुटका तुकडा घालू देऊ नका, घशात जाऊ शकतो. आंबील, मऊ भात द्या.