मदत हवी आहे: मोठ्या धरणाचा गाळाचा दर लहान तलावाला चालेल का?

प्रश्न
६० चौ.किमी पाणलोटावर लघु पाटबंधारे तलावाची आखणी चालू आहे. मृतसाठ्यासाठी (गाळ साठायला तळाशी राखलेली जागा) गाळाचा दर हवा. हाताशी जायकवाडीच्या गाळ सर्वेक्षणाचा आकडा आहे, पण तिथलं पाणलोट २१,७५० चौ.किमी. दर चौ.किमी आकडा तसाच धरला तर काय बिघडेल?

प्रतिसाद १
तसाच धरू नका, मृतसाठा कमी पडेल. पाणलोट वाढतं तसा उतार मंदावतो, पूरमैदानं रुंदावतात आणि शेतातून सुटलेली माती वाटेतच बसते. अमेरिकी अभियंता वानोनीच्या सूत्रात वहन प्रमाण (सुटलेल्या मातीपैकी खालपर्यंत पोचणारा वाटा) = ०.४७२४ गुणिले क्षेत्राचा (चौ.किमी) −०.१२५ घात. ६० ला सुमारे २८ टक्के, २१,७५० ला साडेतेरा. म्हणजे तुमचा दर २.१ पट. भारतीय अभियंता खोसलांच्या गाळदर-सूत्रातला क्षेत्राचा घातांक −०.२८ घेतला तर तोच ५.२ पट होतो! मात्र खोसलांची रेषा कमाल मर्यादेची आहे, सरासरीची नव्हे. एवढी तफावत असताना आसपासच्या जुन्या लहान तलावांत साठलेला गाळ मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

प्रतिसाद २
त्याआधी मूळ दर तपासा. जायकवाडीच्या वर गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही धरणं गाळ अडवतात. पूर्ण क्षेत्राने भागलं की दर खोटा कमी येतो. त्यांची पाणलोटं वजा करा आणि वरच्या सूत्रातही तेच निव्वळ क्षेत्र घाला. शिवाय सर्वेक्षणात फक्त अडकलेला गाळ दिसतो, म्हणून अडकण्याच्या प्रमाणाने (येणाऱ्या गाळापैकी धरणात राहणारा वाटा; तो ब्रूनच्या वक्रावरून काढतात) भागा. एककांत घोळ नको: १ हेक्टर-मीटर प्रति १०० चौ.किमी म्हणजे १०० घनमीटर प्रति चौ.किमी.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. जुन्या तलावांचे आकडे मिळाले तर घातांक स्वतः काढू का?

प्रतिसाद १
जरूर. फक्त लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्ष लॉगरिदममध्ये; रेषेचा चढ म्हणजे घातांक) एकूण गाळ विरुद्ध क्षेत्र मांडा. प्रति चौ.किमी गाळाचा दर मांडलात तर क्षेत्र दोन्ही अक्षांवर येतं आणि संबंध नसतानाही रेषा खाली उतरते. एकूण गाळाचा घातांक ०.८७५ आला, की दराचा −०.१२५.

प्रतिसाद २
आणि घातांक ऋणच यावा असा हट्ट नको. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चर्च आणि स्लेमेकर या संशोधकांना १९८९ मध्ये उलटं दिसलं: सुमारे ३०,००० चौ.किमीपर्यंत दर वाढतच जातो, कारण नद्या दऱ्यांतला हिमयुगीन गाळ कापतात. आपल्याकडे प्रवरेकाठी जाड गाळथरांत घळी पडल्या आहेत, तिथेही खालच्या अंगाला भर पडते. तुमच्या नाल्याचे काठ चालून बघा; ताज्या उभ्या कडा दिसल्या तर घळींची माती वेगळी मोजा, उतारावरच्या धुपीच्या सूत्रात ती येत नाही.