१४ वर्षं केनलला काम करतोय, आता सोडू का?

सिंहगडरोडचा_दादा:
नमस्कार मंडळी, पुण्यात प्राण्यांच्या एका दवाखान्यात केनलला, म्हणजे प्राणी ठेवतात त्या पिंजऱ्यांच्या विभागात आहे, १४ वर्षं पूर्ण झाली. सकाळी साडेसहाला शटर उघडायचं, पिंजरे धुवायचे, सगळ्यांना फिरवून आणायचं, ज्याला जे पथ्य ते खायला घालायचं, ऑपरेशनवाला असेल तर शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. जुन्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी दवाखाना दुसऱ्यांना दिला आणि आता नवीन मॅनेजर म्हणतात केनल बॉय काय, कुठलाही मिळतो. पगार १७ हजार, दोन वर्षं वाढ नाही, वाकून वाकून कंबर धरलीय. पण ते वाक्य जास्त लागलंय.

गेल्या दिवाळीत बोर्डिंग फुल होतं, फटाक्यांनी सगळी थरथरत होती म्हणून पिंजऱ्यांवर जुन्या चादरी टाकून, रेडिओ लावून मी तिथेच बसलो होतो. रात्री अकराच्या सुमारास एक ग्रेट डेन सारखा उठबस करायला लागला, मान खाली घालून ओकायला बघायचा पण नुसती लाळ, आणि बरगडीमागे टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज. लगेच डॉक्टरांना फोन लावला, म्हटलं पोटाला आत पीळ पडून ते फिरल्यासारखं वाटतंय, सकाळपर्यंत थांबू नका. तासाभरात टेबलावर घेतला म्हणून वाचला. हे कुठलाही मुलगा ओळखेल का? घरचे म्हणतात सोड, डिलिव्हरीचं काम घे. काय करू?

वारजेकर_८५:
दादा, सोडायचं तर सोड पण आधी ग्रॅच्युइटीचा हिशोब मांड. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लागू होते आणि तुझी ५ वर्षं कधीच झालीत. शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा बेसिक १३ हजार धरला तर १ लाख ५ हजार होतात, ते सोडून रागाच्या भरात निघू नकोस. मालक बदलला तरी तुझी जुनी वर्षं धरली जायला हवीत, म्हणून जुन्या डॉक्टरांच्या वेळच्या पगाराच्या स्लिपा, बँकेची एंट्री सगळं जपून ठेव. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापतात का तेही बघ, २१ हजारांच्या आत पगार आहे तुझा, कंबरेचा इलाज त्यातून होईल. मी हे सगळं न बघता एक नोकरी सोडली होती, अजून वाईट वाटतं.

शिरवळचा_व्हेट:
शिरवळच्या कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा पुस्तकातलं सगळं यायचं, पण पिल्लू दारातून आत आलं की वासावरून पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या रक्ती जुलाबाच्या आजाराचा, संशय घ्यायला मला आमच्या केनलच्या मामांनी शिकवलं. तुम्ही जे ओळखलंत त्यात दोन-तीन तास गेले असते तर कुत्रा हाती लागला नसता, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो.
मॅनेजरशी बोलायला जाताना कामं कागदावर लिहून न्या. पार्वोचा पिंजरा साध्या फिनेलने भागत नाही, ब्लीच एकाला तीस पाणी करून दहा मिनिटं ठेवावं लागतं, मांजरांच्या खोलीत फिनेल अजिबात नको, हे नवीन पोरांना कोण शिकवतं? तुम्हीच ना? मग केनल सुपरवायझर हे पद आणि त्याप्रमाणे पगार मागा. आणि रेबीजची लस दवाखान्याच्या खर्चाने मागा, आधीचे डोस पूर्ण असतील तर चावल्यावर दोनच लागतात, त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी. जखम मात्र तेव्हाही १५ मिनिटं साबणाने धुवायचीच.

कोथरूडची_ब्राउनीची_आई:
आमच्या सोसायटीत कुत्रं बोर्डिंगला ठेवायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, रात्री तिथे कोण असतं? ब्राउनीला दहा दिवस ठेवलं होतं, तिथले काका रोज फोनवर ती किती जेवली, शी कशी झाली सांगायचे. ते काका सोडून गेले आणि आम्हीपण तो दवाखाना सोडला. मॅनेजरना हेही सांगा.

सिंहगडरोडचा_दादा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्षं मोजली जातात हे माहीतच नव्हतं, जुन्या स्लिपा ट्रंकेत आहेत, आज काढतो. सोमवारी कागद लिहून मॅनेजरकडे जातो, नाही ऐकलं तर पुढचं बघू. आता राउंडला जातो, तीन नंबरच्या बोक्याने सकाळपासून शू केलेली नाही, डॉक्टरांना सांगितलंय, ते येईपर्यंत तिथेच थांबतो.