मासिकाच्या दोन स्तंभी स्कॅनचा ओसीआर: मदत हवी आहे

अमेरिकन पत्रकार आयडा टार्बेल यांची स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीवरची लेखमाला 'मॅक्लुअर्स' मासिकात नोव्हेंबर १९०२ ते ऑक्टोबर १९०४ या काळात आली; पुस्तकाचे दोन खंड १९०४ मध्येच निघाले. रेल्वेच्या रिबेटबद्दल (भाड्यातल्या परताव्याबद्दल) दोन्हींत नेमकं काय बदललं, ते ओळीओळीने ताडायचं आहे. पुस्तकाचा ओसीआर (स्कॅनच्या चित्रातून काढलेला मजकूर) स्वच्छ आला. मासिकाचं पान मात्र दोन स्तंभी, त्यात मध्येच चित्र आलं की टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर दोन्हीकडच्या ओळी एकमेकींत मिसळतं. त्याचे पीएसएम (पानाची मांडणी कशी धरायची ते ठरवणारे पर्याय) १ आणि ३ वापरून झाले. ६ वर गोंधळ वाढतोच, कारण तो सगळं पान एकच ठोकळा धरतो. स्कॅन ३०० डीपीआय, शिवणीकडे ओळी वाकलेल्या. साधन फुकट हवं, पानं हाताने कापणं शक्य नाही. आधी वाक सरळ करावा की स्तंभ वेगळे करावेत, आणि चित्र असूनही स्तंभ आपोआप ओळखणारं साधन कोणतं?