परदेशी कंपनीसोबत संशोधन करायला सरकारी अनुदान: कुणी प्रत्यक्ष मिळवलंय का?

धडपड्या:
आमची बारा जणांची कंपनी, सेन्सर बनवतो. परदेशातली एक कंपनी आहे, तिचा कोटिंगमध्ये हात चांगला, आमचं इलेक्ट्रॉनिक्स, तर मिळून एक नवीन प्रॉडक्ट करायचं चाललंय. ते म्हणतात दोन्ही सरकारं पैसे देतात, अर्ज टाकूया. ऐकायला भारी आहे पण एका अर्जावर दोन सरकारं पैसे देतात कशी? त्यांच्या खात्यात येऊन मग आमच्याकडे येणार का? सल्लागाराला फी मोजायच्या आधी जरा अंदाज घेतोय.

जुना_अर्जदार:
तिकडून इकडे काही येत नाही. अशा बऱ्याच योजनांत अर्ज एकत्र असतो पण पैसे ज्याचं सरकार त्याला. युरोपात १९८५ ला सुरू झालेलं युरेका, म्हणजे देशादेशांमधल्या संयुक्त संशोधनासाठीचं जाळं, याच तत्त्वावर चालतं. त्यातलं युरोस्टार्स खास छोट्या कंपन्यांसाठी, त्यात किमान दोन देश लागतात, एका देशाचा किंवा एका भागीदाराचा बजेटमधला वाटा ७० टक्क्यांच्या वर चालत नाही आणि काम ३६ महिन्यांत उरकायचं. म्हणजे एकाने राबायचं आणि दुसऱ्याने नावापुरतं राहायचं हे जमत नाही. गोची अशी की परीक्षकांनी पास केलं तरी एका देशाचे त्या वर्षीचे पैसे संपलेले असले तर दुसऱ्याचाही बोऱ्या वाजू शकतो, म्हणून दोन्हीकडच्या कार्यालयांना आधीच फोन लावा. अमेरिका-इस्रायलचं बर्ड फाउंडेशन (१९७७) वेगळं आहे, तिथे एकच निधी, खर्चाच्या निम्म्यापर्यंत देतात आणि प्रॉडक्ट विकलं गेलं तरच परतफेड.

हिशेबनीस:
५० टक्के अनुदान ऐकून हुरळून जाऊ नका. उरलेले ५० तुमचेच, आणि मिळणारे ५० पण बऱ्याच ठिकाणी आधी तुम्हीच खर्च करायचे, मग क्लेम, मग तपासणी, मग हप्ता. खेळतं भांडवल नसेल तर पगाराच्या तारखेला घाम फुटतो. टाइमशीट रोजच्या रोज भरून घ्या. आमच्या एका पोराने महिनाअखेरीला एका बैठकीत सगळी भरली, सुट्टीच्या दिवशीही आठ तास टाकले, तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथेच गेली आणि मग त्याचा आख्खा महिना कापला. काम खरंच केलं होतं हो त्याने.

करारवाली:
पैशांचं होईल, पण संशोधनाची मालकी आधी ठरवा. आपण सोबत घेऊन आलो ते वेगळं आणि प्रोजेक्टमध्ये जे तयार होईल ते वेगळं, आणि आधीचं काय काय आहे याची यादी अर्ज टाकायच्या आधीच, तारीख घालून. आमच्या भागीदाराकडे आमचा इंजिनियर तीन आठवडे बसला, तिथे त्याने कॅलिब्रेशनची नवी पद्धत काढली, तर ते म्हणे आमच्या लॅबमध्ये झालं म्हणजे आमचं! आठ महिने नुसत्या ईमेल. आणि दादा, तुमचे सेन्सर आहेत ना, मग निर्यात परवान्याचंही बघा. वासेनार करार म्हणजे शस्त्रं आणि लष्करातही वापरता येईल अशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा देशांमधला करार, त्याच्या यादीत सेन्सर आणि लेझरचा वेगळा विभागच आहे. तुमचे त्यात बसतीलच असं नाही, पण नुसतं डिझाइन ईमेल केलं तरी निर्यात धरू शकतात.

धडपड्या:
बाप रे. त्या परदेशी कंपनीला विचारलं तर म्हणाले कराराचा मसुदा तयारच आहे, लगेच पाठवला. मालकीबद्दल एकच ओळ आहे, 'निष्पन्न संशोधनावर संयुक्त मालकी राहील'. हे बरंय ना? निम्मं निम्मं.

करारवाली:
नाही हो! संयुक्त मालकीचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकेत पेटंटचा एक मालक दुसऱ्याला न विचारता तिसऱ्याला लायसन्स देऊ शकतो, ब्रिटनमध्ये आणि भारतात दुसऱ्याची संमती लागते, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर. त्या ओळीखाली कोण कुठल्या क्षेत्रात विकणार, लायसन्स कोण देणार, पेटंटची फी कोण भरणार हे सगळं लिहून घ्या. तोवर सही नको आणि डिझाइनची फाइलही पाठवू नका. पाठवली नाही ना अजून?

धडपड्या:
अर्धी पाठवलीय.