२५,००० रुपयांत घरासाठी एस्प्रेसो मशीन: काय घ्यावे?

कडूघोट (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी कॉफी पिणारे आम्ही दोघेच आहोत. मला एस्प्रेसो बिनदुधाची आवडते, तर पत्नीला रोज सकाळी कापुचिनो लागते. मशीन आणि त्याबरोबर जे काही लागेल ते सर्व मिळून २५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ओट्यावर मिक्सर आणि वॉटर प्युरिफायर यांच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा आहे. माझा मुख्य गोंधळ दाबाच्या आकड्यांविषयी आहे. काही अगदी स्वस्त मशीनच्या खोक्यावर २० बार असे ठळक छापलेले असते आणि त्यांहून बऱ्याच महाग मशीनवर १५ बारच असतात. मग जास्त पैसे नेमके कशाचे मोजायचे? आमच्या पुण्यातील सोसायटीला उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागते, हेही कृपया लक्षात घ्यावे.

ताजीभाजणी

खोक्यावरचा आकडा हा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो याचा असतो. एस्प्रेसो उतरताना कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब पुरतो, त्यामुळे १५ आणि २० यांतील फरकासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. पाहायचे ते एवढेच की मशीनमध्ये खरोखर पंप आहे ना. कारण सर्वांत स्वस्त मशीनपैकी काही केवळ वाफेच्या जोरावर चालतात आणि त्यांतून निघते ती कडक कॉफी, एस्प्रेसो नव्हे.

आता जास्त महत्त्वाचा मुद्दा. घरगुती मशीनबरोबर कॉफीची पूड भरण्यासाठी बहुधा दुहेरी तळाची जाळी येते, जिच्या खालच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते. तेथे पाणी अडून दाब तयार होतो आणि पूड कशीही दळलेली असली तरी वर फेस दिसतो. दिसायला तो छान असतो, पण चवीत तो जोर नसतो. एकेरी तळाच्या जाळीत पाण्याला अडवण्याचे काम पुडीलाच करावे लागते. म्हणून ती अतिशय बारीक, एकसारखी आणि त्या त्या बियांना जुळेल अशी दळावी लागते. पूड किंचित जाड झाली की दहा सेकंदांत पांचट, आंबट पाणी खाली येते आणि फार बारीक झाली तर थेंबही पडत नाही. म्हणून माझा आग्रह असा की तुमच्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा ग्राइंडरसाठी राखून ठेवावा. टाइममोअर किंवा किंगग्राइंडर यांचे हाताने फिरवायचे ग्राइंडर पाहा. मात्र एस्प्रेसोइतके बारीक दळणारे आणि बारीक टप्प्यांनी जुळवता येणारेच मॉडेल निवडा. मिक्सरच्या भांड्यात हे काम होत नाही, कारण तेथे अर्धी पूड पिठासारखी आणि अर्धी भरड निघते.

मशीनमध्ये डेलाँगीचे डेडिका तुमच्या जागेला सोयीचे आहे, कारण त्याची रुंदी १५ सेंटिमीटरच आहे. त्याच्या ५१ मिलिमीटरच्या हँडलमध्ये बसणारी एकेरी जाळी वेगळी विकत मिळते. १४ ग्रॅम पूड घालून २५ ते ३० सेकंदांत २८ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली की दळण जमले असे समजावे. त्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा हवाच.

दुधाळ

वरील प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, परंतु निष्कर्ष सर्वांना लागू पडेल असे मला वाटत नाही. सकाळी डबे भरण्याच्या घाईत बिया मोजून, हाताने दळून, पूड दाबून बसवण्याचा उत्साह किती दिवस टिकेल, हे खरेदीआधीच ठरवावे. कॉफी दुधातच जाणार असेल तर दुहेरी तळाची जाळी आणि ताजी, एस्प्रेसोसाठी दळून आणलेली पूड यांवर उत्तम भागते. अनेक रोस्टर, म्हणजे कॉफीच्या बिया भाजून विकणारे, मागणीनुसार दळून देतात. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहून लहान पाकीटच घ्यावे. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड मात्र यात घालू नये.

आपल्याकडील कापुचिनो बिघडते ती बहुतेकदा दुधामुळे. तापवून साय धरलेल्या दुधाऐवजी पाश्चराइज्ड दुधाची पिशवी फ्रिजमधून काढून ते थंड दूधच थेट स्टीलच्या जगमध्ये घ्यावे आणि वाफेच्या नळीचे टोक पृष्ठभागाच्या जरासे खाली ठेवावे. जगला बाहेरून हात लावणे नकोसे झाले की थांबावे. दूध तेव्हा साधारण ६० ते ६५ अंशांवर असते. उकळी येऊ दिली तर फेसही जातो आणि गोडवाही.

कडूघोट

दोघांचेही आभार. माझ्यासाठी दळून आणि पत्नीसाठी तयार पूड असा मार्ग दिसतो. फ्लेअरसारख्या हाताने दाबायच्या यंत्राचाही विचार करावा का?

ताजीभाजणी

तुम्ही एकटे असता तर मी तेच सुचवले असते, कारण त्या किमतीत तशी चव विजेवरच्या मशीनमध्ये मिळणे कठीण आहे. पण त्याला वाफेची नळी नसते, पाणी वेगळे उकळावे लागते आणि प्रत्येक वेळी यंत्राचे डोके, म्हणजे पूड आणि पाणी भरायचा भाग, गरम करून घ्यावे लागते. रोजच्या कापुचिनोसाठी तो खटाटोप ठरेल. डेडिकाच घ्या. मात्र जाळ्या दोन ठेवा, म्हणजे आलटून पालटून वापरता येतील.

क्षारमुक्त

पाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. टँकरचे पाणी अनेकदा बोअरचे असते आणि त्यातील क्षार गरम होणाऱ्या अरुंद नळ्यांत साचतात. प्रथम धार बारीक होते, मग वाफ कमी पडते आणि पुढे पंप नुसताच घरघरतो. प्युरिफायरचे पाणी वापरावे, पण ते अगदीच क्षारहीन असेल तर कॉफी सपक लागते. प्युरिफायरला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) जुळवण्याची सोय असल्यास ती वापरावी. क्षार काढण्यासाठी लिंबूसत चालते असे बरेच जण सांगतात, पण माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच ते वापरा, एरवी कंपनीचेच द्रावण घ्या. शिवाय हे मशीन १३०० वॉटच्या आसपास वीज घेते. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर त्याचा भार जवळजवळ मर्यादेला टेकतो, तेव्हा ओट्याजवळ पॉवर प्लग आहे का ते आधी पाहा आणि दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.