बागलाण स्वतंत्र देश राहिला असता तर त्याची ओळख कशी लिहावी?

मोसमकाठ (नाशिक)

नमस्कार. आमच्या वाचक गटाच्या हस्तलिखित वार्षिकासाठी मी कल्पित इतिहासाच्या अंगाने एक लेख लिहीत आहे. १६३८ साली मोगलांनी बागलाणचे राज्य खालसा केले नाही, असे गृहीत धरून आजच्या ‘बागलाण देशा’ची माहिती द्यायची, अशी त्याची कल्पना आहे.

आपल्या जिल्ह्यातील सटाणा तालुक्याला आजही सरकारी कागदोपत्री बागलाण म्हणतात, परंतु मूळ राज्य याहून बरेच मोठे होते. शाहजहानच्या काळातील फारसी इतिहासात त्याचे नऊ किल्ले, चौतीस परगणे आणि एक हजार एक गावे सांगितली आहेत. ‘ऐन-इ-अकबरी’त सुरत आणि नंदुरबार यांच्यामधला डोंगराळ पण भरभराटीचा मुलूख असे त्याचे वर्णन असून आठ हजार घोडदळ, पाच हजार पायदळ आणि द्राक्षे, डाळिंबे यांसारखी फळे यांचा उल्लेख आहे. सटाण्याच्या शेतकऱ्याला चारशे वर्षांपूर्वीच्या नोंदीत आपलीच पिके सापडावीत, याचा मला फार आनंद झाला.

माझ्या मसुद्यातील देश असा आहे : राजधानी मुल्हेर, सर्वोच्च स्थान १५६७ मीटर उंचीचा साल्हेर, नाणे महमुदी, राज्यकर्ते बागूल घराणे, राष्ट्रीय उत्सव मुल्हेरची कोजागिरीची रासक्रीडा. अडचण अशी की इतिहास नेमका कोणत्या वळणावर बदलावा, हे ठरत नाही. मुल्हेरच्या वेढ्यात राजा जिंकला, एवढेच लिहिणे पुरेसे होईल का?

दुर्गयात्री

पुरेसे होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुल्हेर, मोरा आणि हरगड हे तिन्ही गड मी अनेकदा पाहिले आहेत आणि त्या जोडगडांची नैसर्गिक ताकद पाहून कोणालाही वाटेल की हा मुलूख केवळ डोंगरांच्या बळावर टिकला असता. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये तशी हकिकतही आहे. अकबराच्या फौजेने बागलाणचा तेव्हाचा राजा प्रतापशाह याला सात वर्षे वेढले, पण गडांवर धान्य, चारा आणि पाणी मुबलक असल्यामुळे आणि वाटा दोन माणसेही कशीबशी बरोबरीने चालतील इतक्या अरुंद असल्यामुळे अखेर तह करावा लागला. त्या तहात राजाला काही गावे मिळाली आणि बदल्यात व्यापाऱ्यांच्या रक्षणाची हमी, बादशहाला नजराणा आणि बुऱ्हाणपुरास एक मुलगा ओलीस, अशी कलमे त्याने मान्य केली.

मग जे गड अकबराच्या काळात तगले, तेच १६३८ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत का पडले? याचे उत्तर गडांवर नाही, नकाशावर आहे. गुजरात १५७३ मध्ये मोगलांकडे गेला, खानदेश १६०१ मध्ये गेला, तरी दक्षिणेला निजामशाही उभी होती आणि त्यामुळे बागलाणच्या राजाला एक दार उघडे होते. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि ते दार बंद झाले. पुढच्या दोनच वर्षांत भेरजी राजाने मुल्हेर स्वाधीन केला आणि सुलतानपूर परगणा व मनसब स्वीकारली. म्हणून आपले वळण १६३८ च्या वेढ्यात न ठेवता १६३६ च्या आधी ठेवा. शहाजीराजांनी निजामशाहीचा वारस गादीवर बसवून तीन वर्षे जो झगडा दिला, तो यशस्वी झाला असता, तर बागलाणला श्वास घेण्यास अवधी मिळाला असता.

एक गोष्ट मात्र लिहिताना मन घट्ट करावे लागेल. बागलाण स्वतंत्र राहिला, तर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांकडून साल्हेर घेण्याचा प्रसंगच येत नाही, आणि १६७२ ची साल्हेरची लढाईही होत नाही. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलेली, सूर्याजी काकडे जिथे पडले ती लढाई आपल्या लेखात नसेल. हे लेखात एका परिच्छेदात तरी आले पाहिजे.

वाटसराफ

दुर्गयात्री यांनी नकाशाचा मुद्दा मांडला, त्याला मी पैशाची बाजू जोडतो. बागलाणचे महत्त्व सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गामुळे होते. तापीच्या बंदराकडून दख्खनकडे जाणारा माल या राज्याच्या कडेने किंवा त्याच्या घाटांतून जात असे. मुल्हेरच्या टांकसाळीतील महमुदी सुरतेच्या पेठेत चालत असे, आणि विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने १६१० च्या सुमारास साल्हेर-मुल्हेरच्या महमुदींची नोंद केली आहे. डोंगरातला राजा बंदरातल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे नाणे पाडतो, यावरून त्याचे उत्पन्न केवळ शेतसाऱ्यावर अवलंबून नव्हते हे दिसते. तेव्हा ज्याला मालाची वाट सुरक्षित हवी, त्याला हा राजा सांभाळणे परवडते. ज्याला ती वाट स्वतःच्या हाती हवी, तो त्याला टिकू देत नाही.

तुलनेसाठी आफ्रिकेतील लेसोथो पाहावा. मोशेशे राजाने थाबा बोसिउ या सपाट माथ्याच्या डोंगरावरून अनेक हल्ले परतवले, परंतु बोअर लोकांनी सुपीक सखल जमीन हिसकावत नेल्यावर त्याला १८६८ मध्ये ब्रिटिश संरक्षण मागावे लागले. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश आज चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे आणि डोंगरातले पाणी शेजाऱ्याला विकून मोठे उत्पन्न मिळवतो.

इथेच मला आपल्या लेखाचा खरा गाभा दिसतो. गिरणा, मोसम आणि आरम या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. चणकापूर, हरणबारी आणि केळझर ही धरणे आपल्या कल्पित देशाच्या हद्दीत येतील, आणि मालेगाव, चाळीसगाव, जळगावकडचा भाग खालच्या अंगाला भारतात राहील. म्हणजे बागलाण आणि भारत यांच्यामधला सर्वांत महत्त्वाचा करार सीमेचा नसून गिरणेच्या पाण्याचा असेल. उन्हाळी आवर्तन कधी सोडायचे, यावर आज आपल्या जिल्ह्यात जी चर्चा होते, तीच तेव्हा दोन देशांच्या मंत्र्यांमध्ये होईल.

सुरगाण्याहून

मला या चर्चेत एक उणीव जाणवते. आतापर्यंत राजा, गड, नाणे आणि धरणे आली, पण माणसे आली नाहीत. या डोंगरांत कोकणा, भिल्ल, मावची लोक राहतात. दरबारात संस्कृतला मान होता, रुद्रकवीने १५९६ मध्ये तिथेच राष्ट्रौढवंशाचे, म्हणजे बागूल घराण्याचे, महाकाव्य रचले. पण बाजारात आणि शेतात अहिराणी व कोकणा बोली होत्या. देशाची राजभाषा कोणती, हे ठरवल्याशिवाय आपली ओळख पुरी होणार नाही. माझ्या मते अहिराणीला तो मान द्यावा आणि शाळांतून कोकणा बोलीलाही जागा द्यावी.

दुसरे म्हणजे पाटपाण्याची फड पद्धत. नदीवर बंधारा बांधून, गावाने मिळून पाट काढून, एका फडात एकच पीक घेऊन पाण्याची पाळी ठरवण्याची ही रीत मोसम आणि पांझरा खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. देशाची राज्यघटना कल्पायची असेल, तर ती बागूल घराण्याच्या वंशावळीपेक्षा फडाच्या पंचांपासून सुरू करावी.

आणि एक वास्तव विसरू नये. शेजारची सुरगाणा आणि जव्हार ही छोटी डोंगरी संस्थाने इंग्रजांच्या काळात टिकली, पण १९४८ मध्ये विलीन झाली. आमचे सुरगाणे त्या विलीनीकरणानंतर नाशिक जिल्ह्यात आले. बागलाणचेही तसेच झाले नसते, हे आपल्याला पटवून द्यावे लागेल.

मोसमकाठ (नाशिक)

तिघांचेही मनापासून आभार. १९४८ चा प्रश्न मी टाळत होतो, हे कबूल करतो. आता वळण १६३३ ते १६३६ या काळात ठेवतो आणि त्यानंतर रामनगर (आजचे धरमपूर) या शेजारच्या राज्याशी असलेल्या सोयरिकीच्या वाटेने दमणच्या पोर्तुगिजांशी एक करार कल्पितो, जेणेकरून समुद्राकडे एक परकी हमी राहील. त्या हमीचे पुढे इंग्रजांशी तहात रूपांतर झाले, तर १९४७ नंतर वाटाघाटीला एक आधार राहतो. तरीही विलीनीकरणाची मागणी देशातूनच उठली असती, असे एक प्रकरण लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. राजभाषा अहिराणी आणि घटनेची सुरुवात फडापासून, या दोन्ही सूचना मी तशाच घेत आहे. साल्हेरच्या लढाईचा परिच्छेद शेवटी नाही, सुरुवातीलाच येईल.

दुर्गयात्री

नकाशा काढताना एक बारकावा सांभाळा. सटाण्याहून मुल्हेरला जाताना लागणाऱ्या ताहाराबादचे नाव हा मुलूख जिंकणाऱ्या मुहम्मद ताहिरशी जोडले जाते. आपल्या देशात ते नाव असू शकत नाही. त्या जागी नवे नाव घालू नका. मोसमकाठचे एक निनावी गाव म्हणून रिकामा ठिपका ठेवा.